कार्बन आणि त्याची संयुगे: कोकणातल्या दहावीच्या मुलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनारपट्टीवरच्या मुलांना विज्ञान शिकवताना कार्बनच्या धड्यावर दरवर्षी बरेचसे तेच प्रश्न येतात. काही परीक्षेच्या धास्तीने विचारलेले असतात, काही थेट स्वयंपाकघरातून किंवा बंदरावरून आलेले असतात. माझ्या लेखी दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त मोलाचे. पुस्तकात मिथेन, इथेनॉल, स्टिअरिक आम्ल अशी नावं वाचून मुलांना वाटतं की हे सगळं कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात असतं. प्रत्यक्षात निम्मा धडा आपल्या परसात आणि मागीलदारी पडलेला आहे. म्हणून जमेल तिथे उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुठलंही कार्बनी संयुग समोर आलं की तीन गोष्टी विचारायच्या: कार्बनची साखळी किती लांब आहे, बंध एकेरी आहेत की दुहेरी-तिहेरी, आणि साखळीला कोणता गट चिकटलेला आहे. पाठांतराचा बराचसा भार एवढ्याने उतरतो. खालची बहुतेक उत्तरं याच तीन गोष्टींवर उभी आहेत.

एकट्या कार्बनसाठी अख्खा धडा कशाला? लोखंडाला, तांब्याला तर एवढा मान नाही.

कारण कार्बनची ज्ञात संयुगे कोटींच्या घरात आहेत. कार्बन नसलेली सगळी संयुगे एकत्र केली तरी त्यांच्यापुढे ती थोडीच भरतात.

कार्बनचा अणुअंक ६, इलेक्ट्रॉन संरूपण २, ४. बाहेरची कक्षा पूर्ण व्हायला आणखी चार हवेत. चार घेतले तर सहा प्रोटॉनच्या केंद्रकाला दहा इलेक्ट्रॉन सांभाळावे लागतील. चार देऊन टाकायचे तर त्यासाठी लागणारी ऊर्जा भलतीच मोठी. म्हणून कार्बन देत नाही, घेतही नाही. तो भागीदारी करतो. यालाच सहसंयुज बंध म्हणतात.

पण चार संयुजा, म्हणजे चार बंध करायची क्षमता, तर सिलिकॉनलाही आहे. मग सिलिकॉनची अशी कोटींनी संयुगे का नाहीत? हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण खरी गोम इथेच आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला सुमारे २२२. म्हणजे सिलिकॉनच्या लांब साखळ्या टिकाव धरत नाहीत. शिवाय सिलिकॉनला ऑक्सिजनची ओढ जबर. निसर्गात तो ऑक्सिजनशी बांधलेलाच सापडतो. गणपतीपुळ्याच्या पुळणीतले चकाकणारे कण बघा, त्यातला क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच. कार्बन मात्र कार्बनलाच घट्ट धरून दोनाची, वीसाची, हजारोंची साखळी करतो, तिला फांद्या फोडतो, तिची वलयं करतो. ही मालिकाबंधन शक्ती.

मीठ आणि डांबरगोळी दोन्ही पांढरे स्फटिकच. मग एक तापवून हलत नाही आणि दुसरी कपाटात ठेवल्याठेवल्या संपते, असं का?

मीठ आयनांचं बनलेलं. धन आणि ऋण आयन चहूबाजूंनी एकमेकांना ओढून धरतात, म्हणून ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. नॅफ्थलीनच्या डांबरगोळीत दहा कार्बन आणि आठ हायड्रोजनचे सुटे रेणू असतात. रेणूच्या आतले बंध मजबूत, पण एका रेणूची दुसऱ्याशी ओढ कमी. ८० अंशांना ती वितळते, आणि त्याआधीच हळूहळू थेट वायू होऊन उडून जाते. आयन नाहीत म्हणून बहुतेक कार्बनी संयुगे वीजही वाहत नाहीत. परीक्षेत «द्रवणांक कमी का» विचारलं तर «बंध कमकुवत असतात» एवढंच लिहू नका. कमकुवत असतं ते रेणूंमधलं आकर्षण.

शिंपल्यात कार्बन आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे. मग ही कार्बनी संयुगे का धरत नाहीत?

यामागे जुना इतिहास आहे. सजीवांपासून मिळणारे पदार्थ ते कार्बनी, खनिजांपासून मिळणारे ते अकार्बनी, अशी पूर्वी वाटणी होती. कार्बनी पदार्थ तयार व्हायला «जीवनशक्ती» लागते अशी समजूत होती. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट तापवलं आणि त्याला युरिया मिळाला, तोच युरिया जो मूत्रात असतो. त्या समजुतीला तडा गेला. आज अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया तयार होतो आणि भाताच्या खाचरात पडतो. त्या युरियात आणि प्राण्याच्या शरीरातल्या युरियात काडीचाही फरक नाही.

वाटणी मात्र सोयीसाठी राहिली. कार्बनची ऑक्साइडं, कार्बोनेटं, बायकार्बोनेटं, कार्बाइडं यांचं वागणं खनिजांसारखं, म्हणून ती अकार्बनी संयुगांत जातात. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करायचे तो याच कारणाने: भट्टीत कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे कळीचा चुना राहतो, पाणी घातलं की तो तडतडत, वाफा सोडत फुटतो आणि विरलेला चुना होतो. भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन तो पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो.

जाता जाता एक दुरुस्ती. जुन्या पुस्तकांत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ०.०३ टक्के दिलेलं असतं. आज ते ०.०४ टक्क्यांच्या वर गेलं आहे. त्यातला बराचसा वायू समुद्र शोषतो आणि त्यामुळे पाण्याचा सामू हळूहळू उतरतो आहे. कालवं, तिसऱ्या अशा शिंपल्यातल्या जिवांना कवच बांधायला ते पाणी अवघड होत जातं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे आकडे नुसते गुणांपुरते वाचू नयेत असं मला वाटतं.

हिरा आणि पेन्सिलीतलं शिसं एकच कसं?

दोन्ही निव्वळ कार्बन, फरक फक्त जोडणीचा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना बांधलेला, तिन्ही मितींत पसरलेली जाळी, म्हणून तो कठीण. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांनाच बांधलेला. षटकोनांचे सपाट थर एकावर एक सरकतात म्हणून कागदावर रेघ उमटते, आणि चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो म्हणून ग्रॅफाइट वीज वाहतं. कार्बनचं तिसरं अपरूप, म्हणजे तिसरं रूप, फुलरिन. साठ कार्बनचा पोकळ चेंडूसारखा हा रेणू १९८५ मध्ये सापडला आणि त्यासाठी क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चं नोबेल मिळालं. पेन्सिलीत शिसं हा धातू नसतो, हे वेगळं सांगायला नको.

अल्केन, अल्कीन, अल्काइन यांत दरवेळी गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवायचं?

हायड्रोजन मोजा. सगळे बंध एकेरी असलेल्या उघड्या साखळीत हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुप्पट अधिक दोन असते. हे अल्केन: मिथेन, ईथेन, प्रोपेन, ब्यूटेन. एक दुहेरी बंध आला की दोन हायड्रोजन कमी, म्हणजे बरोब्बर दुप्पट, हे अल्कीन. एक तिहेरी बंध आला की आणखी दोन कमी, हे अल्काइन. अल्केन संपृक्त, बाकी दोन असंपृक्त. असंपृक्त संयुगे बंध उघडून नवे अणू सामावून घेतात, ती समावेशन अभिक्रिया. संपृक्ताला जागाच नसते, म्हणून त्यात एक अणू काढून दुसरा बसवावा लागतो, ती प्रतियोजन अभिक्रिया.

दोन कार्बनचं कुटुंब नीट समजलं तर बाकी आपोआप कळतं: ईथेन (दोन कार्बन, सहा हायड्रोजन), ईथीन (दोन आणि चार), ईथाइन (दोन आणि दोन). यातली दोघं तर आपल्या आंब्याच्या धंद्यात रोज भेटतात. पुढचा प्रश्न त्यांचाच.

आंबा कार्बाइडने पिकवू नये म्हणतात, पण इथिलीनने पिकवायला परवानगी आहे. दोन्ही वायूच ना?

वायूच, पण फरक मोठा आहे. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय आपल्या घरचा आहे.

इथिलीन हे ईथीनचं रूढ नाव. झाडं ते स्वतः तयार करतात. तयार झालेला हापूस काढला की फळात इथिलीन वाढू लागतं, त्याच्या प्रभावाने पिष्टमय पदार्थांची साखर होते, आम्लं उतरतात, साल पिवळी पडते, गर मऊ होतो. अढी लावतो तेव्हा आपण नेमकं हेच साधतो: पेंढ्यात आंबे रचले की ऊब राहते आणि फळांनी सोडलेलं इथिलीन तिथेच कोंडून राहतं. एक फळ पिकू लागलं की त्याचा वायू शेजारच्यांनाही पिकवतो. अढी लावणाऱ्या आज्ज्यांनी इथिलीनचं नाव ऐकलं नसेल, पण मधला एखादा आंबा दाबून, हुंगून अढी कधी उकलायची हे त्यांना बिनचूक कळत असे.

कॅल्शिअम कार्बाइड हा करडा खडा. हवेतला ओलावा लागला तरी त्यातून ईथाइन, म्हणजे ॲसिटिलीन, बाहेर पडतो आणि मागे चुना उरतो. ईथाइनची रचना इथिलीनशी मिळतीजुळती असल्यामुळे फळ फसतं आणि पिकल्याची लक्षणं दाखवू लागतं, पण ईथाइनचा असर कमी असल्याने बहुधा साल पिवळी होते आणि आत गर आंबट, कडक राहतो. खरा धोका त्याहून वाईट. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते, त्यातून विषारी वायू निघतात, आणि खडे हाताळणाऱ्या माणसाला त्रास आधी होतो. म्हणून भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांनी कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरता येतो. पिकवणीच्या बंद खोलीत, मोजून सोडलेलं इथिलीन आणि पेटीत दडपलेली कार्बाइडची पुडी यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

तोच ईथाइन ऑक्सिजनबरोबर जाळला की ३००० अंशांच्या वर जाणारी ज्योत मिळते. ती गॅस वेल्डिंगवाल्याकडे पाहायला मिळते. रेणू वाईट किंवा चांगला नसतो, तो कुठे वापरला हे बघायचं.

समघटक म्हणजे काय, आणि ते काढताना दोनदा तेच काढलं जातं त्याचं काय करायचं?

रेणुसूत्र एकच, जोडणी वेगळी, ते समघटक. ब्यूटेनचे दोन, पेंटेनचे तीन, हेक्झेनचे पाच. दहा कार्बनच्या डेकेनचे ७५ होतात. कोटींचा आकडा कुठून आला ते इथे दिसतं.

पेंटेन काढताना आधी पाचही कार्बन एका ओळीत मांडा. मग सर्वांत लांब साखळी चारची ठेवा आणि पाचवा कार्बन दुसऱ्यावर लावा. तिसऱ्यावर लावलात तर तोच रेणू उलट्या बाजूने पाहिल्यासारखा होईल, म्हणून तो मोजायचा नाही. मग साखळी तीनची ठेवा आणि उरलेले दोन मधल्यावर लावा. झाले तीन. कागदावर वाकवून काढलेली साखळी नवीन समघटक नसते. बोट ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब साखळी मोजली की फसायला होत नाही.

थंडीत खोबरेल थिजतं, कोकमतेल तर बारा महिने घट्टच असतं, आणि माशाचं तेल कधी थिजत नाही. हे कसं?

तीन तेलं शेजारी ठेवली तर हा धडा जितका कळतो तितका कुठल्या आकृतीने कळत नाही.

तेल आणि चरबी म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. मेदाम्लाची साखळी सगळी एकेरी बंधांची असेल तर ती सरळ पसरते. दुहेरी बंध आला की साखळीला तिथे बाक येतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्यांची नाही, रेणूंचं तसंच. घट्ट रचले गेलेले रेणू लवकर गोठतात. बांगडा, तारली यांच्या तेलातल्या मेदाम्लांत पाच-पाच, सहा-सहा दुहेरी बंध असतात, म्हणून ते पातळच राहतं. या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन लवकर हल्ला करतो, म्हणून ते खवटही पटकन होतं.

इथवर पुस्तकात आहे. पण मग एक कोडं उरतं. खोबरेल सुमारे ९० टक्के संपृक्त, तरी ते २४-२५ अंशांनाच वितळतं. कोकमाच्या बियांचं तेल सुमारे ६० टक्के संपृक्त, तरी ते वितळायला ३८ ते ४० अंश लागतात. संपृक्तपणावरच सगळं ठरत असतं तर हे उलट व्हायला हवं होतं. इथे साखळीची लांबी कामाला येते. खोबरेलात सगळ्यात जास्त असतं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं, त्याचा द्रवणांक ४४ अंश. कोकमतेलात भर असतो स्टिअरिक आम्लाचा, अठरा कार्बनचं, द्रवणांक ६९ अंश. साखळी लांब तितकी रेणूंची एकमेकांवरची पकड जास्त. म्हणून कोकमतेलाचा गोळा टाचेच्या भेगेवर घासला की अंगाच्या उबेने हळूहळू पाघळतो आणि भेगेत बसतो. नुसतं «संपृक्त म्हणजे घट्ट» एवढं पाठ केलं तर अर्धंच कळलं असं समजा.

वनस्पती तूप करताना पातळ तेलात निकेल उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन घालतात. दुहेरी बंध उघडतात, साखळ्या सरळ होतात, तेल घट्ट होतं.

गॅसची ज्योत निळी आणि चिमणीची पिवळी, काजळी धरणारी. इंधनातच फरक आहे का?

थोडा इंधनात, जास्त हवेत. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बनचा सगळा कार्बन डायऑक्साइड होतो, ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की कार्बनचे कण न जळता तापून पिवळे चमकतात आणि थंड झाले की काजळी होते. शेगडीची ज्योत अचानक पिवळी दिसू लागली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर बर्नरची हवेची भोकं साफ करा. तुमचं इंधन वाया जातं आहे. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो.

मग सिलिंडरच्या गॅसला वास कसा येतो?

तो मुद्दाम घातलेला असतो. प्रोपेन आणि ब्यूटेन यांना ओळखता येईल असा वास नाही, म्हणून गंधकाचा गट असलेलं इथिल मरकॅप्टन किंचित मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जातो. खाजणातल्या चिखलात पाय रोवला की बुडबुडे येतात, त्यांत मिथेन असतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायमधून उरणला येतो त्या नैसर्गिक वायूतही मुख्य घटक हाच.

माडी दुसऱ्या दिवशी आंबट का होते?

माडाच्या पोयीतून पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. यीस्ट तिच्यातल्या साखरेचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतात, फेस येतो तो त्याचा. ही झाली माडी. तशीच उघडी ठेवली की जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून इथेनॉलचं ॲसेटिक आम्ल करतात, ते व्हिनेगर. दोन कार्बनची साखळी तशीच राहिली, बदलला फक्त गट: अल्कोहोलचा गट जाऊन कार्बोक्झिलिक आम्लाचा आला, आणि नशा आणणाऱ्या पदार्थाचं लोणच्यात घालायचं द्रव्य झालं.

साखळी एका कार्बनने कमी झाली तर काय होतं तेही ध्यानात ठेवा. मिथेनॉल दिसायला इथेनॉलसारखंच, पण शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, डोळे जातात, माणूस दगावतो. विषारी दारूच्या बऱ्याच बातम्यांमागे हा एक कार्बनचा फरक असतो.

माशाला आमसूल किंवा लिंबू लावलं की वास का कमी होतो?

मला या धड्यातलं सगळ्यात आवडणारं उदाहरण. समुद्रातल्या माशाच्या पेशींना खाऱ्या पाण्याचा ताण सहन करायचा असतो, त्यासाठी त्यांच्यात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे संयुग असतं. त्याला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात: एका नायट्रोजनला तीन मिथिल गट. याचा उत्कलनांक जेमतेम ३ अंश, म्हणजे आपल्या हवेत तो वायूच. शिळ्या बांगड्याजवळ गेल्यावर नाकाला झोंबतो तो हाच. गोड्या पाण्यातल्या माशात ते मूळ संयुग फारच थोडं असतं, म्हणून नदीच्या माशाला असा वास कमी.

अमाइन हा आम्लारिधर्मी गट. आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक. तिन्हींत कार्बोक्झिलिक आम्लाचा गट. मासा साफ करून त्याला आगळ, म्हणजे कोकमाचा रस, चोळलं की आम्ल आणि अमाइन यांची अभिक्रिया होऊन क्षार बनतो. क्षार उडून जात नाही, मग वास नाकापर्यंत पोचणार कसा? मासा शिजवल्यावर हाताला राहिलेला वास नुसत्या पाण्याने जात नाही, लिंबाची फोड चोळली की जातो, तेही यामुळेच. शिळा मासा मात्र आमसुलाने ताजा होत नाही. वास झाकला जातो, जिवाणूंनी केलेलं नुकसान तसंच राहतं.

मोरीची, म्हणजे लहान शार्क माशाची, गोष्ट थोडी निराळी. तिच्या मांसात युरियाही भरपूर असतो. ठेवली की त्याचा अमोनिया होतो, म्हणून मोरी आणली की त्याच दिवशी चुलीवर चढवावी.

समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही?

साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडिअम क्षार. तेलात कास्टिक सोडा घालून साबणीकरण केलं की तो आणि ग्लिसरॉल मिळतात. लांब शेपटी तेलकट मळात शिरते, आयनाचं डोकं पाण्यात राहतं, मळ सुटून येतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशिअम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शिअम असतं. ते साबणाला पकडून न विरघळणारा चिकट साका करतात, शिवाय इतक्या मिठात साबण पाण्यात नीट विरतच नाही. खाडीकाठच्या मचूळ विहिरींवर हाच अनुभव येतो, तर वरच्या जांभ्यातल्या गोड विहिरीला चटकन फेस. अपमार्जकाचे कॅल्शिअम-मॅग्नेशिअम क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून तिथे कपड्यांची पावडर चालते. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही बराच फेस देतो, बारा कार्बनच्या आखूड साखळीमुळे. खलाशांसाठीचे साबण म्हणूनच खोबरेलाचे करत.

नायलॉनची जाळी कुजत नाही ती का?

सुती दोऱ्याची जाळी सेल्युलोजची, ती खाणारे जिवाणू भरपूर. नायलॉनच्या साखळीतले बंध तोडणं समुद्रातल्या जिवाणूंना जवळपास जमत नाही. तुटून वाहून गेलेलं जाळं म्हणूनच वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतं. नायलॉन हे बहुवारिक: छोटे एकवारिक जोडत गेलेली प्रचंड साखळी. पॉलिथीन तर ईथीनचीच.

परीक्षेत गुण कुठे जातात?

संरचना सूत्रात. काढून झालं की प्रत्येक कार्बनभोवतीच्या रेघा मोजा. चार नसतील तर चूक झाली आहे. नाव देताना सर्वांत लांब साखळी धरा, पण क्रियात्मक गट त्या साखळीत आलाच पाहिजे, आणि अंक त्या गटाला जवळ असलेल्या टोकापासून द्या. कार्बोक्झिलिक आम्लाच्या आणि अल्डिहाइडच्या गटातला कार्बनही मोजायचा असतो, म्हणून ॲसेटिक आम्ल हे ईथेनोइक आम्ल, मिथेनोइक नव्हे. इथेनॉल आणि इथेनाल यांत एक अल्कोहोल आहे, दुसरं अल्डिहाइड. घाईत अक्षर बदललं की पूर्ण गुण जातात.

घरी कोणते प्रयोग करू, कोणते नको?

शिंपला व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे बघा. पातळ आगळात चिमूटभर खायचा सोडा घाला. फसफस संपेपर्यंत लाल रंग कुठे जातो ते बघा. एका चमच्यात खोबरेल, दुसऱ्यात कोकमतेल घेऊन दोन्ही चमचे कोमट पाण्यावर धरा आणि आधी कोणतं वितळतं ते टिपून ठेवा. विहिरीचं, नळाचं आणि समुद्राचं पाणी तीन बाटल्यांत घेऊन प्रत्येकात साबणाचे तेवढेच थेंब टाका आणि सारखं हलवा.

कार्बाइडला हात लावू नका. स्पिरिट पेटवू नका. काजूची बी निखाऱ्यावर भाजताना तोंड जवळ नेऊ नका. टरफलातल्या तेलात लांब शेपटीची फिनॉलवर्गी संयुगे असतात आणि ती उडाली तर कातडीला फोड येतात. कास्टिक सोड्याचा साबण शाळेच्या प्रयोगशाळेत, सर किंवा बाई समोर असतानाच करा, आणि सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर ओतू नका.